तात्यासाहेब, नागपूर गाठून पुढं काय करणार होतात?

पांढुर्णा, कार्तिक

सेनापती तात्यासाहेब टोपे यांस,
सौंसरची लेक आणि पांढुर्ण्याची सून हिचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुम्ही आमच्या दारापासून दोन मजलांवर येऊन वळलात. १८५८ च्या ऑक्टोबरच्या शेवटी होशंगाबाद आणि नरसिंहपूरच्या मधे तुम्ही नर्मदा ओलांडली आणि सातपुड्याचं जंगल तुडवत नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मुलताईला पोचलात. दिवस दिवाळीचे होते. मुलताई इथून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. मुलताईहून घाट उतरला की पांढुर्णा, आणि पांढुर्ण्याहून शंभरएक किलोमीटरवर नागपूर. वाट सरळ होती, पण तुम्ही पश्चिमेला गेलात.

मी इथल्या मराठी शाळेत एकतीस वर्षं इतिहास शिकवला. सत्तावनचा धडा आला की मुलं दरवर्षी विचारायची, "बाई, ते आपल्याकडं का नाही आले?" मी सांगायची की कामठीला मद्रासची फौज होती, वऱ्हाडच्या वाटा हैदराबाद कंटिंजंटनं अडवल्या होत्या, तुमच्या तोफा आधीच्या लढायांत गेल्या होत्या आणि पाठीवर इंग्रजांच्या तुकड्या होत्या. यातलं काही खोटं नाही. पण या उत्तरानं माझं स्वतःचं समाधान कधी झालं नाही, आणि निवृत्त झाल्यावर तर तो प्रश्न जास्तच छळायला लागला. म्हणून हे पत्र.

आधी तुम्हाला एक गोष्ट सांगते, ती ऐकून तुम्हाला बरं वाटेल. तुम्ही नर्मदा ओलांडलीत तेव्हा मुंबईचा गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन आणि मद्रासचा लॉर्ड हॅरिस दोघंही हादरले होते. तुमच्याजवळ दमलेले घोडेस्वार होते, पुरेसा दारूगोळा नव्हता. तरी भीती होती ती तुमच्यासोबत चाललेल्या रावसाहेबांची. नानासाहेबांचा पुतण्या, म्हणजे पेशव्यांचं नाव सांगणारा माणूस, फौज घेऊन मराठी मुलखात उतरला होता. पुण्याची गादी जाऊन चाळीस वर्षं झाली होती. पण कोल्हापूरच्या पलटणीनं १८५७ च्या जुलैत बंड केलं होतं, साताऱ्याच्या गादीसाठी रंगो बापूजींचा कट उघडकीला येऊन माणसं फासावर गेली होती, आणि तुम्ही येण्याच्या जेमतेम पाच महिने आधी नरगुंदच्या बाबासाहेब भाव्यांना बेळगावात फाशी झाली होती. या निखाऱ्यांवर तुमच्यासारखा माणूस येऊन फुंकर मारेल, निजामाची रयतसुद्धा उठेल आणि पुन्हा एकदा मराठ्यांचं राज्य दख्खनभर पसरेल, हे इंग्रजांच्या उरातलं भय होतं. हे वर्षभर आधी घडतं तर आवरलं नसतं, अशा अर्थाचं त्यांच्या इतिहासकारांनीच पुढं लिहून ठेवलं.

हे भय आमच्या मुलखात आधीही येऊन गेलं होतं. सीताबर्डीची लढाई हरल्यावर आप्पासाहेब भोसल्यांना इंग्रजांनी कैद केलं आणि अलाहाबादेकडं चालवलं. १८१८ च्या मे महिन्यात जबलपूरच्या वाटेवरून ते रातोरात निसटले आणि महादेवाच्या डोंगरात, म्हणजे आजच्या पचमढीच्या बाजूला, गोंडांच्या आश्रयाला गेले. त्याच पावसाळ्यात बैतूलजवळ त्यांच्या अरबांनी कॅप्टन स्पार्क्सची तुकडी कापून काढली. पुढं आप्पासाहेब अशीरगडावर गेले, अशीरगड १८१९ च्या एप्रिलात पडला, तिथूनही ते निसटले. पंजाब आणि डोंगरी राज्यं फिरून शेवटी जोधपूरला १८४० साली वारले. युरोपात नेपोलियन एल्बा बेटावरून परत आला होता त्याला, आप्पासाहेब पहिल्यांदा निसटले तेव्हा, तीनच वर्षं झाली होती. पदच्युत राजा परत येतो तेव्हा काय होतं हे इंग्रज वॉटर्लूपर्यंत बघून आले होते. म्हणूनच तर दुसऱ्या बाजीराव पेशव्यांना आठ लाखांचा तनखा देऊन पुण्यापासून इतक्या लांब, ब्रह्मावर्ताला नेऊन बसवलं. तुम्ही त्याच बिठूरच्या वाड्यात वाढलात. येवल्याचं घर सोडून तुमचे वडील धन्यामागून तिकडं गेले होते.

आणि आप्पासाहेब वारल्यावर नऊ वर्षांनी, १८४९ मध्ये, वऱ्हाडात एक माणूस उभा राहिला, मीच आप्पासाहेब भोसले असं सांगून त्यानं फौज जमवली, देशमुखांनी त्याला साथ दिली, आणि त्याला पकडायला एलिचपूरहून ब्रिगेडियर ऑन्सलोला जावं लागलं. मेलेल्या राजाच्या नावात एवढी ताकद होती. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता, अभिमानानं.

तो अभिमान मी लपवत नाही. आमच्या शाळेत भिंतीवर मराठी सत्तेचा नकाशा टांगलेला असायचा, अटकेपासून कटकेपर्यंत भगव्या रंगाचा. पट्टीनं दाखवताना माझा आवाज चढायचा. मध्य प्रदेशात राहून मराठी शिकवणाऱ्या बाईला तो नकाशा फार जवळचा असतो, हे तुम्ही समजून घ्या. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि पांढुर्णा-सौंसर इकडं राहिलं. आदल्या दिवसापर्यंत नागपूर हीच मध्य प्रदेशची राजधानी होती. माझ्या आजीला हे शेवटपर्यंत पटलं नाही. "नागपूर गेलं कुठी, आपनच गेलो," म्हणायची. तेव्हा त्या भगव्या रंगात आमच्या गावाचाही ठिपका आहे, यानं मला आधार वाटायचा.

तो रंग माझ्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा विटला तो परासियात. छिंदवाड्याच्या कोळसा खाणींचा तो भाग, देशभरची माणसं तिथं नोकरीला. माझी नणंद तिथं राहायची. तिच्या शेजारच्या बंगाली बाईंकडं आम्ही चहाला बसलो होतो. त्यांची सून बाळाला थोपटत काहीतरी गुणगुणत होती, चाल फार गोड. मी अर्थ विचारला. बाई जरा घुटमळल्या. मग म्हणाल्या, बाळ झोपलं, गाव निजलं, आणि मुलखात बर्गी आले, आता सारा कशानं भरायचा, असं काहीसं आहे. आणि बर्गी कोण? त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि हळूच म्हणाल्या, "आपलेच लोक, दीदी. नागपूरचे."

बारगीर. सरकारी घोड्यावर लढणारा शिपाई. पंधरा वर्षं मी तो शब्द फळ्यावर लिहून त्याचा अर्थ सांगत आले होते.

त्या दिवशी घरी येऊन मी बंगालच्या स्वाऱ्या पुन्हा वाचल्या. १७४२ मध्ये रघुजी भोसल्यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर बंगालात शिरले. कलकत्त्याच्या लोकांनी धास्तीनं शहराभोवती खंदक खणायला घेतला, त्याचं नावच मराठा खंदक पडलं. १७४४ मध्ये बंगालच्या नवाब अलिवर्दीखानानं भास्करपंतांना आणि त्यांच्या सरदारांना भेटीला बोलावून दगा केला आणि मारलं. हा दगा आमच्या पुस्तकात होता. त्याआधी दोन वर्षं बंगालच्या खेड्यांत जे जाळलं, लुटलं गेलं, बायकांवर जे झालं, ते आमच्या पुस्तकात अर्ध्या ओळीत होतं. त्यांच्याकडं गंगाराम नावाच्या कवीनं त्यावर काव्यच लिहिलं, महाराष्ट्रपुराण या नावाचं. नाव वाचून वाटावं की आपलीच पोथी. शेवटी १७५१ च्या तहात ओरिसा आणि सालाची बारा लाख चौथ मिळाली, तेव्हा घोडे परतले. कटक नकाशात भगवं झालं ते असं.

आमच्या शाळेत एल्फिन्स्टनची भीती म्हणजे आपला मान, असं आम्ही शिकवलं. तो राज्यकर्ता होता, घाबरला तर घाबरला. पण अंगाई गाणारी बाई घाबरली तर तो कुणाचा मान? दोन्ही भीती एकाच साम्राज्याच्या होत्या. तुमच्या हातातल्या निशाणाकडं जे जे बघत होते, ते या दोन्हींपैकी काय आठवून बघत होते, हे तुम्ही कधी मनाशी धरलं होतंत का?

आता इथल्या मातीचं सांगते. नागपूर मुळात भोसल्यांचं नव्हे. ते देवगडच्या गोंड राजानं, बख्त बुलंदनं वसवलं. देवगडचा किल्ला छिंदवाड्याजवळ मोहखेडच्या डोंगरात अजून आहे, ढासळलेला, पण विहिरी-तलाव बघण्यासारखे. आमच्या पांढुर्ण्यातही जाटबा राजाचं नाव घेतलं जातं, वॉर्डाला त्याचंच नाव आहे. १७३९ च्या सुमाराला देवगडचा राजा चांदसुलतान वारला, घरात वारसाचं भांडण लागलं, राणी रतनकुंवरनं रघुजी भोसल्यांना मदतीला बोलावलं. आले ते मदतीला, राहिले ते राज्य करायला. गोंड राजाला तनखा आणि मान दिला, भोसल्यांच्या गादीवर बसणाऱ्याला टिळा लावायचं काम त्याच्याकडं ठेवलं. तात्यासाहेब, तुमच्या धन्याला ब्रह्मावर्तात तनखा देऊन बसवलं तो अपमान तुमच्या जिव्हारी लागला होता. देवगडच्या राजाला आपण तेच केलं होतं, पाऊणशे वर्षं आधी.

माझ्या वर्गात मोहखेडच्या बाजूचा एक गोंड मुलगा होता. हुशार, बोलायला कमी. तुमचा धडा शिकवून झाल्यावर तो उभा राहिला. "बाई, तात्या टोपे जिंकले असते तर पेशवा आला असता ना? मग त्यात आमचं काय होतं?" वर्ग हसला. मला हसू आलं नाही आणि उत्तरही आलं नाही. मी म्हटलं, बस खाली. ते "बस खाली" मला आजही टोचतं.

तुमच्याशी कुणीच हात मिळवला नाही असं नाही. पचमढीच्या मुलखात हर्राकोटचे जहागीरदार भभूतसिंह तुमच्या बाजूनं उभे राहिले, तुम्ही गेल्यावरही डोंगरात झुंजले आणि १८६० मध्ये जबलपुरात त्यांना देहान्ताची शिक्षा झाली. हे नाव आमच्या मुलांना आता कुठं कळायला लागलंय. पण खालचं मैदान, जामच्या आणि कन्हानच्या काठचे कुणबी, नागपूरची पेठ, हे उठले नाहीत. भोसल्यांचा वाडासुद्धा उठला नाही. १८५३ च्या डिसेंबरात तिसरे रघुजी निपुत्रिक वारले, डलहौसीनं राज्य खालसा केलं, हत्ती-घोडे आणि जडजवाहीर लिलावात काढलं. एवढा घाव ताजा असताना १८५७ मध्ये वाड्यातल्या म्हाताऱ्या बाकाबाईंनी आपल्या माणसांना आवरलं. जूनमध्ये टाकळीच्या घोडेस्वारांनी उठायचा प्रयत्न केला, तो तिथंच मोडला. आमच्याकडं बाकाबाईंना बोल लावायची रीत आहे. मी लावत नाही. पंचाहत्तरीच्या बाईनं सीताबर्डीची लढाई डोळ्यांनी बघितली होती आणि तोफा पुन्हा शहरावर वळाव्यात असं तिला वाटलं नाही.

आणि रयत? रयतेनं भोसल्यांच्या काळातली पेंढाऱ्यांची धाड बघितली होती, वसुलीचा जाच बघितला होता. इंग्रजावर तिचं प्रेम नव्हतं. पण "पेशवे परत आले" या हाकेत उद्याच्या पिकाचं, जंगलाचं, साऱ्याचं काही नव्हतं. हाक कालच्या गादीची होती. तुम्हाला पकडल्यावर तुम्ही जी जबानी दिलीत तिच्यात तुम्ही सांगितलंत की काल्पीपर्यंत मी नानासाहेबांचे हुकूम पाळले आणि नंतर रावसाहेबांचे. ते वाचताना डोळ्यांत पाणी येतं. किती निष्ठा! जून १८५८ मध्ये ग्वाल्हेर हातात आलं, शिंद्यांची फौज तुमच्याकडं वळली. तेव्हा दरबार भरला आणि नानासाहेबांच्या नावानं पेशवाई पुकारली गेली. लक्ष्मीबाई त्याच महिन्यात पडल्या. त्या दरबारात मानाची वस्त्रं वाटली गेली, पण शेतकऱ्याला उद्देशून एखादा कागद निघाला असता तर? गोंडांना, भिल्लांना, निजामाच्या रयतेला, बंगालच्या माणसाला कुणीतरी सांगितलं असतं की घोडे या वेळी तुमच्या अंगणात येणार नाहीत, तर? तुमच्याएवढा चपळ सेनापती त्या शतकात दुसरा झाला नाही. बनास, चंबळ, बेतवा, नर्मदा, पुराच्या नद्या ओलांडून इंग्रजांना दहा महिने तुम्ही पळवलंत. त्या पायांना जे द्यायचं होतं ते तुमच्या धन्यांकडं नव्हतं, असं मला वाटतं.

ज्या आठवड्यात तुम्ही सातपुडा चढत होतात, त्याच आठवड्यात, १ नोव्हेंबर १८५८ ला, अलाहाबादेत राणी व्हिक्टोरियाचा जाहीरनामा वाचला गेला. आम्हाला आणखी मुलूख वाढवायचा नाही, असं त्यात लिहिलं होतं. सत्तावीस वर्षांनी इंग्रजांनी मंडालेवर फौज नेली आणि उरलेला ब्रह्मदेश गिळला. दिल्लीचा म्हातारा बादशहा तर त्याआधीच रंगूनला नेऊन ठेवलेला. मेलेली साम्राज्यं परत येतील म्हणून जागरण करणारे स्वतःचं साम्राज्य शेजारच्या देशात वाढवत होते. तुमची भीती दाखवून त्यांनी आपल्या वाढीला संरक्षण हे नाव दिलं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण हीच युक्ती मी माझ्या हयातीत पुन्हा बघितली. २०२१ मध्ये रशियाच्या अध्यक्षांनी एक लांबलचक लेख लिहिला, रशियन आणि युक्रेनी एकच लोक कसे आहेत याबद्दल, जुन्या इतिहासाचे दाखले देऊन. २४ फेब्रुवारी २०२२ ला रणगाडे सीमा ओलांडून गेले. बाल्टिकची छोटी राज्यं, पोलंड, सगळे तेव्हापासून उरावर हात ठेवून आहेत. टीव्हीवर कीव्हच्या भुयारी स्टेशनात बाळाला थोपटणारी आई दिसली तेव्हा मला परासियाची सून आठवली.

तात्यासाहेब, मी तुम्हाला त्या रणगाडेवाल्यांच्या रांगेत बसवत नाही. तुमच्यावर परक्यांचं राज्य होतं, तुम्ही लढलात, आणि १८ एप्रिल १८५९ ला शिवपुरीत फासावर गेलात. तुमचं लढणं न्यायाचं होतं. मला फक्त त्या लढण्याला जोडलेल्या नकाशाबद्दल विचारायचंय.

कारण याच डोंगरांत पुढं काय झालं ते तुम्हाला ठाऊक नाही. १९३० मध्ये, तुम्ही गेल्यावर ७१ वर्षांनी, बैतूल जिल्ह्यात गंजनसिंह कोरकूच्या मागं गोंड आणि कोरकू हजारोंनी उभे राहिले. सिवनीकडं तुरियाला बायका विळे घेऊन जंगलात गेल्या, गोळ्या झेलल्या. मुद्दा गवताचा होता, लाकडाचा होता, सरकारानं बंद केलेल्या रानाचा होता. कुठल्या जुन्या राजाचं नाव लागलं नाही. जी माणसं तुमच्यासाठी घराबाहेर पडली नाहीत, त्यांचीच नातवंडं ती. त्यांच्या त्या उठण्याची भीती बंगालला वाटली नाही, निजामाच्या रयतेला वाटली नाही. वाटली ती फक्त सरकारला.

आता आमचं बरं चाललंय. २०२३ पासून पांढुर्णा जिल्ह्याचं ठिकाण झालंय, सौंसर त्यातच आहे. संत्री नागपूरच्या बाजारात जातात, दुखणंबाणं निघालं तर नागपूरच, मुलींची स्थळंही काटोल-नरखेडची. सीमेवरचा फलक मागं पडला तरी कुणाच्या बोलण्यात फरक पडत नाही. मुलांना मराठी वाचता यावं एवढी आमची मागणी आहे, ती आम्ही भोपाळकडं करतो, आणि ती करताना कुणी त्या भगव्या नकाशाचा संशय घेऊ नये म्हणून मी तो नकाशा पुढं करत नाही. शाळेतून निघताना मी तो सोबत आणला. कपाटात गुंडाळून ठेवलाय. फेकवला नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडं गोटमार असते. जामच्या पात्रात मधोमध पळसाचं झाड रोवून त्यावर निशाण बांधतात. या काठाला पांढुर्णा, त्या काठाला सावरगाव, आणि दिवसभर दगड. भोसल्यांच्या फौजेचा हा सराव होता, असंही एक सांगणं आहे. डोकी फुटतात, कित्येकांचे जीव गेलेत. माझा मुलगा बारावीत असताना कपाळाला सात टाके घेऊन आला आणि हसत होता, कारण त्या वर्षी निशाण आमच्याकडं आलं होतं. रक्त पुसताना मी त्याला विचारलं, ते आणून काय केलंत? तो म्हणाला, चंडीमातेला वाहिलं. मग? मग काय, पुढच्या वर्षी परत.

या दिवाळीत मी मुलताईला गेले होते. तापीच्या तळ्याच्या पायऱ्यांवर तुमच्या नावानं एक पणती लावली. परत येताना गाडीत तो मोहखेडचा मुलगा भेटला. आता चाळिशीचा आहे, शेती करतो, मक्का आणि संत्री. पाया पडला. मी म्हटलं, तुला एक उत्तर द्यायचं राहिलंय. त्याला तो प्रश्न आठवत नव्हता. मला आठवण करून द्यावी लागली. मग तो खिडकीतून बघत थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "बाई, तुम्ही त्यांनाच विचारा."

म्हणून विचारते आहे. नागपूर गाठलं असतंत, किल्ल्यावर निशाण चढलं असतं, तर दुसऱ्या दिवशी सकाळी देवगडच्या त्या घराला काय सांगणार होतात?

आपली,
पांढुर्ण्याची एक निवृत्त शिक्षिका